डोक्याला लागलेला मार आणि पुढची वर्षं

(खारदांडा येथे आपल्या कार्याच्या मित्रमंडळींसमोर आणि पाड्यांवर जाणाऱ्या स्वयंसेवकांसमोर केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात त्रोवस गावची गोष्ट आहे. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या तरुणाला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांना वाटलं, गेलाच. पौल खाली गेला, त्याला कवटाळलं आणि तो जिवंत असल्याचं सांगितलं. आपण ही गोष्ट लांबलेल्या प्रवचनाची थट्टा करायला वापरतो, म्हणून मीही आज फार वेळ घेणार नाही. पण गोष्टीत युतुख पुढे कसा जगला ते लिहिलेलं नाही. त्याचा प्रश्न मला आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे. जो पडून वाचला, त्याचं वीस-तीस वर्षांनी काय होतं?

दांड्याच्या लोकांना मार म्हणजे काय ते सांगायला नको. ओल्या डेकवर पाय घसरून डोकं लाकडावर आपटलेला खलाशी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. "दर्याचं काम आहे, लागणारच" असं म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटीवर जातो. गोविंदाच्या दिवशी थरावरून पडलेला पोरगा, हायवेवर बाईकवरून उडालेला भाऊ, संडासात घसरलेली आजी, हे सगळं आपल्या गल्लीतलंच आहे. आपण ज्या पाड्यांवर जातो तिथेही तेच आहे, फक्त कारणं वेगळी. कोणी ताडीसाठी चढलेला असताना ताडावरून पडतो. कोणी वीटभट्टीवर पडतो, कोणी बांधकामाच्या परातीवरून. कोणी पिकअपच्या टपावर बसून बाजाराला जाताना वळणावर खाली फेकला जातो. मार लागतो, रक्त थांबतं, जखम भरते आणि माणूस कामाला लागतो. जखम भरली की आपण गोष्ट संपली असं मानतो. ती नेहमी संपत नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे.

एका पाड्यावरची गोष्ट

पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावर एक बाबा आहेत. नाव सांगत नाही. साठीच्या आतले. तिशीत असताना ते ताडावरून पडले होते. दिवसभर शुद्ध नव्हती. त्या वेळी ना रस्ता होता ना गाडी. भगताने अंगारा लावला, तिसऱ्या दिवशी बाबा उठून बसले आणि महिन्याभरात पुन्हा झाडावर चढू लागले. पाड्याने त्यांना नशीबवान म्हटलं.

पंचवीस वर्षांनी त्यांच्या वागण्यात फरक पडू लागला. शांत माणूस एकाएकी चिडू लागला. जन्मभर ज्या वाटेने नदीवर गेले, त्या वाटेवर हरवू लागले. "माझ्या कोंबड्या शेजारीण चोरते" असं रोज म्हणू लागले. घरात कोंबड्या नव्हत्याच. हात कापू लागला. पाय फरफटू लागला. लोक म्हणाले, पिऊन असतो. त्यांच्या बायकोने आम्हाला सांगितलं, "दोन वर्षं झाली, त्याने थेंब घेतला नाही." मग लोक म्हणाले, कोणी तरी केलं आहे. आणि "कोणी तरी" म्हणजे कोण, हेही ठरलं. कोंबड्या चोरते असा ज्या शेजारणीवर आळ होता, ती एकटी राहणारी विधवा. तिच्याकडे बोट दाखवून "भुताळी" हा शब्द उच्चारला गेला.

आपल्यातले जे त्या भागात जातात, त्यांना या शब्दाचं वजन ठाऊक आहे. तो एकदा चिकटला की त्या बाईचं पाणी, वाट, सण सगळं तुटतं, आणि कधी कधी जीवही जातो.

आमच्या कार्यकर्त्यांनी आणि आशाताईंनी बाबांना शहरातल्या रुग्णालयात नेलं. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी मेंदूच्या पुढच्या भागात जुन्या माराचा व्रण दाखवला आणि स्मृतिभ्रंशाचा आजार असल्याचं सांगितलं. मुलाने विचारलं, "त्या पडण्यामुळेच का?" डॉक्टरांचं उत्तर प्रामाणिक होतं. एका माणसाच्या बाबतीत तसं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण असा मार लागलेल्यांना हा आजार होण्याची शक्यता जास्त असते. ते उत्तर पाड्यावर परत नेलं, पोलीस पाटलांसमोर सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि त्या विधवेवरचा आळ मागे घेतला गेला. बाबा बरे झाले नाहीत. पण एक बाई वाचली. म्हणून मी म्हणते, हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही.

आत काय होतं

कवटी कडक असते. आतला मेंदू मऊ, साधारण खरवसासारखा, आणि तो पाण्यात तरंगत असतो. डोकं जोरात आपटलं किंवा झटक्यात फिरलं की कवटी थांबते, पण मेंदू थांबत नाही. तो आतल्या आत आपटतो, पिळला जातो, ताणला जातो. बाहेर खोकही न पडता आत इजा होऊ शकते ती अशी.

मेंदूत पेशी असतात आणि पेशींना जोडणारे लांब, बारीक धागे. निरोप त्या धाग्यांतून जातात. धाग्याच्या आत त्याला सरळ ठेवणारा एक सांगाडा असतो, आणि तो बांधून ठेवायला टाऊ नावाचं प्रथिन असतं. तुम्ही जाळं विणणारे लोक आहात, तुम्हाला हे लवकर कळेल. टाऊ म्हणजे जाळ्याच्या गाठी. झटक्याने धागा ताणला गेला की गाठी सुटतात. सुटलेलं टाऊ जागेवर राहत नाही, त्याचा गुंता होतो. एका पेशीतला गुंता शेजारच्या पेशीतही गुंता करतो असं आज शास्त्रज्ञ मानतात. जाळं एका जागी गुंतलं की शेजारची वीणही ओढली जाते, तसंच.

दुसरी गोष्ट. तुटलेल्या धाग्यांमध्ये अमायलॉइड नावाचं आणखी एक प्रथिन साचू लागतं. अल्झायमरच्या आजारात मेंदूत ज्याचे थर सापडतात, ते हेच. तिसरी गोष्ट सूज. मार लागला की मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी धावून येतात. ते चांगलंच आहे. पण काही माणसांत त्या पेशी काम संपल्यावरही परत जात नाहीत. वर्षानुवर्षं मंद जळत राहतात आणि चांगल्या पेशींनाही इजा करतात.

हे सगळं हळू होतं. म्हणून मार तिशीत लागतो आणि हिशेब साठीत येतो. मधली वर्षं माणूस ठीक दिसतो, त्यामुळे दोन्ही टोकं कोणी जोडत नाही.

जगाला हे कसं कळलं

पहिली ठळक नोंद 1928 सालची. अमेरिकेत नेवार्क शहरात हॅरिसन मार्टलँड नावाचे डॉक्टर होते. जुने बॉक्सर दारू न पिताही झिंगल्यासारखे चालतात, अडखळत बोलतात, हे त्यांनी वैद्यकीय मासिकात लिहिलं. बॉक्सिंगच्या जगात अशा माणसाला पंच ड्रंक म्हणत, म्हणजे ठोशांनी झिंगलेला. आमच्या बाबांनाही लोक आधी पिणाराच म्हणाले होते, हे लक्षात घ्या. 1973 मध्ये इंग्लंडमध्ये कोर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 15 निवृत्त बॉक्सरांचे मेंदू तपासून आतली हानी दाखवली.

2002 मध्ये माईक वेबस्टर हा अमेरिकन फुटबॉलचा नावाजलेला खेळाडू वयाच्या 50 व्या वर्षी वारला. शेवटची वर्षं त्याने फार हालात काढली होती. त्याचा मेंदू बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरांनी तपासला. वरून मेंदू साधारण दिसत होता. ओमालू तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी बारीक काप करून पाहिले आणि त्यात टाऊचे गुंते सापडले. 2005 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं, तेव्हा खेळाच्या धंद्यातल्या मोठ्या लोकांनी त्यांना खोटं ठरवायचा प्रयत्न केला. आज ते खोटं नव्हतं हे जगाला मान्य आहे.

2019 मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या 7,676 माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना सामान्य लोकांशी केली. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये साडेतीन पट निघालं. म्हणजे एकच मोठा मार लागायला हवा असं नाही. लहान लहान मार पुन्हा पुन्हा बसले, तरीही इजा साठत जाते.

पण आपल्या लोकांसाठी मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो 2018 चा डेन्मार्कचा अभ्यास, कारण तो खेळाडूंचा नाही, सगळ्या जनतेचा आहे. सुमारे 28 लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. डोक्याला मार लागलेल्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांपेक्षा 24 टक्के जास्त निघाला. सौम्य मार असेल तर 17 टक्के, गंभीर असेल तर 35 टक्के. पाच किंवा अधिक वेळा मार लागलेल्यांत धोका जवळजवळ तिप्पट. आणि विशीत मार लागलेल्यांना तीस वर्षांनंतर हा आजार होण्याचा धोका 63 टक्क्यांनी जास्त. 2020 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत डोक्याच्या माराचा समावेश केला. टाळता येण्याजोग्या, हे शब्द विसरू नका.

घाबरू नका

आता तुमच्यापैकी काही जण मनात मोजत असतील, मी लहानपणी किती वेळा पडलो. थांबा. 24 टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या 24 जणांना आजार होतो असं नाही. भारतात साठीच्या पुढच्या शंभर माणसांत साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने सांगितलं. समजण्यापुरता हिशेब करायचा तर त्या सातांचे साधारण नऊ होतात. बाकीच्या एक्याण्णव जणांना मार लागूनही हा आजार होत नाही. पण वाढलेले ते दोन जण आपल्या घरातले असू शकतात, म्हणून आपण बोलतो आहोत.

मुंबईतलं एक उदाहरण देते. 17 मार्च 1962 रोजी बार्बाडोसमध्ये भारताचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्याला चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागला. कवटी फुटली. अनेक दिवस जीव टांगणीला होता. त्यांना रक्त द्यायला पुढे आलेल्यांत समोरच्या संघाचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते. पुढे त्यांच्या डोक्यात धातूची पट्टी बसवण्यात आली. ते पुन्हा प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले, मुंबईत राहिले, तरुण खेळाडूंना शिकवत राहिले. 2022 मध्ये, वयाच्या 88 व्या वर्षी, ती साठ वर्षांची पट्टी काढावी लागली. मोठा मार लागूनही माणूस दीर्घ आणि चांगलं आयुष्य जगू शकतो. पण त्यांना शस्त्रक्रिया मिळाली, विश्रांती मिळाली, सांभाळणारी माणसं मिळाली. ताडावरून पडलेल्या बाबांना यातलं काय मिळालं? फरक नशिबाचा आहे असं म्हणणं सोपं आहे. मी त्याला अंतर म्हणते. पाडा आणि रुग्णालय यांच्यातलं अंतर.

भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग 1949 मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. जेकब चांडी यांनी सुरू केला. मिशनच्या एका रुग्णालयाने हे काम तेव्हा अंगावर घेतलं. आपल्याला शस्त्रक्रिया करता येणार नाही. पण अंतर कमी करण्याचं काम आपलं आहेच.

घरातला मार

आता एक अशी गोष्ट, जी चर्चच्या आवारात सहसा बोलली जात नाही. डोक्याला मार फक्त पडून लागत नाही. तो हाताने, लाथेने, भिंतीवर आपटूनही लागतो. 1990 मध्ये लॅन्सेटमध्येच एका स्त्रीची नोंद छापून आली. ती बॉक्सर नव्हती. नवऱ्याचा मार वर्षानुवर्षं खाल्लेली बायको होती, आणि तिच्या मेंदूत बॉक्सरांच्या मेंदूत दिसणारी हानी सापडली. पुढे 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी नवऱ्याचा वा जोडीदाराचा मार खाल्लेल्या 14 स्त्रियांचे मेंदू तपासले. बॉक्सरांचा तो विशिष्ट आजार त्यांत आढळला नाही, पण इतर अनेक प्रकारच्या इजा आढळल्या. अभ्यास अजून चालू आहे. त्याच्या निकालाची वाट पाहत बसायचं कारण नाही. बायकोच्या डोक्यावर हात टाकणं हे पाप आहे, गुन्हा आहे, आणि तिच्या म्हातारपणावर केलेला घावही असू शकतो.

इथल्या बहिणींना सांगते, मदत दूर नाही. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून 2000-01 च्या सुमारास 'दिलासा' केंद्र सुरू केलं. मार खाल्लेल्या स्त्रीला रुग्णालयातच आधार देणारं हे देशातलं अगदी सुरुवातीचं केंद्र. दांड्याहून रिक्षाने जाण्याइतकं जवळ. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा आहे, 181 हा महिलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे. आणि डॉक्टरांसमोर "पडले" असं सांगू नका. "मारलं, डोक्यावर मारलं, शुद्ध गेली होती" असं सांगा. खरं सांगितलं तरच उपचार खरा होतो.

काय करायचं

पहिलं, मार लागूच द्यायचा नाही. 2022 या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले 50,029 लोक रस्त्यावर मेले. यात मागे बसलेले 14 हजारांवर होते. जे वाचले आणि डोक्याला इजा घेऊन घरी आले, त्यांची गणती यात नाही. आपली स्वयंसेवक मुलं पाड्यावर बाईकने जातात. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं, हे मुंबईत 2022 पासून पोलीसही तपासतात. चार वर्षांवरच्या मुलालाही ते घालावं लागतं, असं कायदा सांगतो. आणि पट्टा बांधायचा. हँडलला लटकवलेलं हेल्मेट फक्त हँडल वाचवतं.

गोविंदाबद्दल बोललं की काही जणांना वाटतं ख्रिस्ती बाई सणाला नावं ठेवते. तसं नाही. खेळ राहू दे, डोकंही राहू दे. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थरांवर 20 फुटांची मर्यादा आणि 18 वर्षांखालील मुलांना बंदी घातली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं. 2017 मध्ये उंचीचं बंधन उरलं नाही, आणि 14 वर्षांखालच्या मुलांना चढवणार नाही एवढं सरकारने मान्य केलं. कायदा काहीही म्हणो, सगळ्यात वर आपलंच लेकरू चढतं. त्याला हेल्मेट आणि खाली गादी एवढा आग्रह आई धरू शकते.

पाड्यावर आणि घरी साध्या गोष्टी करायच्या. झाडावर चढणाऱ्याने कमरेला दोर बांधायचा, पिऊन चढायचं नाही. टपावर बसायचं नाही. म्हाताऱ्यांच्या वाटेवर रात्री दिवा ठेवायचा, मोरी कोरडी ठेवायची. म्हातारपणातलं पडणं तरुणपणातल्या अपघाताइतकंच वाईट असतं.

दुसरं, मार लागलाच तर. शुद्ध हरपली, ओकारी झाली, झटका आला, बोलणं बरळल्यासारखं झालं, एक हातपाय लुळा पडला, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आलं, डोकेदुखी वाढत गेली किंवा माणूस उठवूनही उठत नसेल, तर थांबायचं नाही. 108 ला फोन करायचा. ही रुग्णवाहिका 2014 पासून महाराष्ट्रात आहे आणि मोफत आहे. मान हलवायची नाही, तोंडात पाणी वा दारू ओतायची नाही. वाटेत पोलिसांची भीती बाळगू नका. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं आणि 2019 मध्ये ते मोटार वाहन कायद्यात आलं. त्या कलमातल्या माणसाला इंग्रजीत गुड समॅरिटन म्हणतात, म्हणजे आपला चांगला शोमरोनी. आणि मार सौम्य असला तरी डोकं पूर्ण शांत होईपर्यंत, डॉक्टर सांगतील तोवर, बोटीवर, झाडावर, खेळात परत पाठवू नका. पहिली इजा भरायच्या आत दुसरी बसली तर ती जास्त घातक असते.

तिसरं, "म्हातारपण आहे" म्हणून सोडू नका. हे मला फार कळकळीने सांगायचं आहे. म्हातारा माणूस साधासा पडतो, काही लागलेलं दिसत नाही. तीन-चार आठवड्यांनी तो गोंधळतो, झोपाळू होतो, चालताना एका बाजूला कलतो. घरचे म्हणतात, डोकं फिरलं. पण मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. कवटीला छोटं छिद्र पाडून ते काढलं की अनेकदा माणूस पुन्हा पहिल्यासारखा होतो. ब जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, मनाची उदासी यांनीही विसराळूपणा येतो आणि त्यांवर औषध आहे. जो आजार बरा होण्यासारखा आहे, त्याला भगताच्या अंगाऱ्यावर किंवा आपल्याच "प्रार्थना चालू आहे" या वाक्यावर सोडणं योग्य नाही. प्रार्थना करा, आणि तपासणीला न्या. प्रार्थना रिक्षातही करता येते.

चौथं, कोणा बाईवर आळ आला तर गप्प बसू नका. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झटून शेवटी प्राण दिले. आपण कोणाच्या देवाशी भांडायला जात नाही. आजाराचं नाव सांगायला जातो. आजाराला नाव मिळालं की माणसाला दोष द्यायची गरज उरत नाही.

पाचवं काम आपल्या स्वयंसेवकांसाठी. आपण पाड्यांवर आरोग्याची कार्डं भरतो. ताप, खोकला, बाळंतपण, लसी असे रकाने आहेत. एक रकाना वाढवू या: "डोक्याला मार लागून कधी शुद्ध हरपली होती का? केव्हा? किती वेळ? किती वेळा?" चार प्रश्न, दोन मिनिटं. वीस वर्षांनी एखादा डॉक्टर त्या कार्डाकडे पाहून दोन्ही टोकं जोडू शकेल. शिधापत्रिका आणि आधार कार्ड जागेवर असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मोठे उपचार होऊ शकतात, ती कागदं आधीच तयार ठेवा. पार्किन्सनचा आजार 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाच्या यादीत आहे, हेही फार थोड्या घरांना माहीत असतं. घरच्यांचं मन खचलं तर टेली मानस 14416 वर मराठीत बोलता येतं.

दोन दिनार आणि त्यानंतर

ज्यांना हा आजार झाला त्यांना बरं करणारं औषध आज नाही. कंप कमी करणारी, झोप लावणारी, चीड आवरणारी औषधं आहेत. बाकी सगळं म्हणजे सांभाळणं. ते बहुतेक एका बाईच्या वाट्याला येतं, बायकोच्या, सुनेच्या किंवा मुलीच्या. तिचा दिवस छत्तीस तासांचा होतो. नवरा तिला ओळखत नाही, शिव्या देतो, रात्री दार उघडून चालू लागतो. तिला उपदेश नको असतो. दोन तास कोणी बसलं, तर ती नदीवर जाऊन आंघोळ करून येते. एवढंसं वाटतं, पण तिच्यासाठी ते फार असतं.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण सगळ्यांनी रविवारच्या शाळेत ऐकला आहे. यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी त्या माणसाला मारून अर्धमेला टाकलं होतं. शोमरोन्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर घातलं, उतारशाळेत नेलं. आपण इथेच थांबतो. पण दाखला पुढे जातो. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार दिले आणि सांगितलं की याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना मी देईन. मला वाटतं, प्रभूने हा भाग उगीच घातलेला नाही. तेल आणि पट्टी एका दिवसाची असते. काळजी पुढची असते, आणि तिचा खर्च आधी कळत नाही. म्हणूनच त्याने रकमेची मर्यादा घातली नाही.

आपल्या कार्यात तेल-पट्टीचं काम चांगलं चालतं. शिबिर होतं, औषधं वाटली जातात, फोटो या अंकात येतात. आता दुसऱ्या दिवसाचं काम हाती घेऊ या. माझी मागणी तीन गोष्टींची आहे. बाईकवर जाणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकासाठी, मागे बसणाऱ्यासकट, चांगली हेल्मेटं. प्रत्येक कार्डावर तो एक रकाना. आणि ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घरी महिन्यातून दोनदा, दोन तास बसणारी माणसं. पैसे पहिल्या गोष्टीला लागतील. दुसरीला पेन लागेल. तिसरीला तुम्ही लागाल.

नावं द्यायची वही दाराशी ठेवली आहे. जाताना थांबा.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो. सलाम.